आंग्र्यांचे गोलंदाज आणि विजयदुर्गाचा निकाल

त्र्यंबकेश्वराच्या सध्याच्या काळ्या पाषाणी मंदिराच्या बांधकामाला बाळाजी बाजीराव ऊर्फ नानासाहेब पेशव्यांनी १७५५ च्या डिसेंबरात हात घातला, आणि त्याच वर्षी १९ मार्चला त्यांच्याच सरकारने मुंबईकर इंग्रजांशी आरमारी सरदार तुळाजी आंग्र्यांविरुद्ध जो तह केला, त्याच्या परिणामी अकरा महिन्यांच्या आत कोकण किनाऱ्यावरचे सर्वांत बळकट मराठी आरमार विजयदुर्गाच्या खाडीत जळून गेले. एकाच राज्यकर्त्याच्या या दोन निर्णयांची नोंद इतिहासाने वेगवेगळ्या खात्यांत केली आहे. पहिला त्याच्या पुण्यकर्मात जमा झाला, आणि दुसऱ्याचे खापर बऱ्याच अंशी आरमारावरच्या गोलंदाजांच्या माथी फुटले. मराठे दर्यावर्दी धाडसी होते, शत्रूच्या जहाजावर उडी घालण्यात पटाईत होते, पण हलत्या जहाजावरून तोफ नेमकी डागण्याची विद्या व तिची शिस्त त्यांच्यापाशी नव्हती, म्हणूनच शिकवून तयार केलेल्या इंग्रज तोफकऱ्यांपुढे त्यांचा निभाव लागला नाही, असा एक समज इंग्रज लेखकांकडून मराठी व्याख्यानांत व क्रमिक लिखाणात उतरला आणि तिथे तो निर्विवाद सत्यासारखा रूढ झाला. हा समज पुराव्याच्या कसोटीला उतरत नाही, आणि तो टिकवून ठेवल्याने १७५६ च्या पराभवाची खरी कारणे झाकली जातात, असे या लेखाचे प्रतिपादन आहे.

प्रतिपक्षाला न्याय द्यायचा तर त्याचे म्हणणे आधी नीट मांडले पाहिजे. त्याचे आधार तीन आहेत. पहिला असा की आंग्र्यांचे विजय संख्याबळावर आणि शत्रूच्या तरांड्यावर चढून केलेल्या हातघाईवर मिळाले, तोफांच्या अचूकपणावर नव्हे. दुसरा असा की त्यांच्या जहाजांवर तोफा हाताळणारे कसबी लोक बहुधा फिरंगी किंवा वलंदेज, म्हणजे पोर्तुगीज किंवा डच, असत, आणि स्थानिक माणूस केवळ वल्ही मारी व तलवार चालवी. तिसरा आणि सर्वांत वजनदार आधार १७५५ मधल्या सुवर्णदुर्गाच्या व १७५६ मधल्या विजयदुर्गाच्या पाडावाचा. विजयदुर्गावर सुमारे २५० तोफा असूनही हल्लेखोर इंग्रज आरमाराने मृत व जखमी मिळून वीसच्या आसपासच माणसे गमावली, तेव्हा याहून स्पष्ट पुरावा कोणता हवा, असे विचारले जाते. प्रश्न रास्त आहे आणि त्याला उत्तर दिल्यावाचून पुढे जाता येणार नाही; मात्र त्याआधी जहाजावरच्या तोफेचा नेम म्हणजे काय, हे समजून घेतले पाहिजे, कारण सारा घोटाळा तिथेच आहे.

किल्ल्याच्या बुरुजावरची तोफ आणि जहाजाच्या तक्तपोशीवरची, म्हणजे डेकवरची, तोफ यांत धातूचा फरक नसतो, पायाचा असतो. बुरूज हलत नाही, जहाज सतत हलते, आणि झोपाळ्यावर बसून आंब्यावर दगड मारणाऱ्याला जी अडचण येते तीच शतपटीने तोफकऱ्याला येते. उदाहरणाने हे स्पष्ट होईल. एखादे जहाज दोन्ही बाजूंना पाच-पाच अंश कलत असेल आणि एक पूर्ण हेलकावा घ्यायला त्याला आठ सेकंद लागत असतील, तर ते सरळ स्थितीतून जात असताना अर्ध्या सेकंदात त्याचा कोन सुमारे दोन अंशांनी बदलतो. अठराव्या शतकात तोफेच्या कानाला, म्हणजे आत बार पेटवणाऱ्या बारीक छिद्राला, जळती बत्ती लावल्यापासून गोळा नळीबाहेर पडेपर्यंत असा अर्धा सेकंद सहज जाई. चारशे मीटर अंतरावर एका अंशाची चूक गोळ्याला सुमारे सात मीटर वर किंवा खाली नेते, म्हणजे दोन अंशांची चूक त्याला एक तर पाण्यात घालते किंवा लक्ष्याच्या डोक्यावरून पार नेते. त्यात त्या काळच्या तोफांच्या नळ्या आतून गुळगुळीत असत आणि गोळा व नळी यांमध्ये थोडी फट ठेवावी लागे, त्यामुळे गोळा नळीच्या आत आपटत बाहेर पडे आणि शेवटचा आपटा ज्या बाजूला बसेल तिच्या उलट दिशेला भरकटे. अशा साधनाने दूरवरून नेम साधणे जगातल्या कोणत्याही तोफकऱ्याच्या आवाक्यात नव्हते, मग तो लंडनचा असो वा हर्णैचा.

ही मर्यादा केवळ जुन्या काळाची नव्हती. ३ जुलै १८९८ रोजी क्यूबातील सँटियागोच्या समुद्रात अमेरिकी आरमाराने स्पेनचा ताफा उद्ध्वस्त केला तेव्हा पोलादी तोफा, आतून आटे पाडलेल्या नळ्या आणि दुर्बिणी सर्व काही असूनही हजारो गोळ्यांपैकी शेकडा तीनही लागले नाहीत. पुढच्याच वर्षी इंग्रज आरमारातील पर्सी स्कॉट या अधिकाऱ्याने 'सिला' या युद्धनौकेवर ७० पैकी ५६ गोळे लक्ष्यावर लागल्याचे दाखवून दिले, आणि त्याचे गमक नव्या तोफेत नव्हते. हेलकाव्याबरोबर तोफेची नळी अखंड वरखाली करत ती लक्ष्यावर टिकवून ठेवण्याचा सराव त्याने आपल्या माणसांकडून रोज करवून घेतला होता. या दोन घटनांतून एवढे निश्चित होते की कमी गोळे लागणे हे कोणत्याही समाजाच्या अंगभूत नालायकीचे लक्षण नाही. समुद्रावरचा नेम हा अंतर, समुद्राची स्थिती, शत्रूच्या जहाजाच्या तुलनेत आपली जागा आणि एकाच तोफेवर एकत्र मुरलेली माणसे या चार गोष्टींचा गुणाकार असतो, आणि यांतली एक जरी शून्य झाली तरी उत्तर शून्य येते.

आता या कसोटीवर आंग्र्यांची पद्धत तपासावी. अठराव्या शतकातील इंग्रज इतिहासकार रॉबर्ट ऑर्म याने तिचे जे वर्णन केले आहे ते शत्रुपक्षाचे असल्यामुळेच अधिक विश्वसनीय आहे. गुराब हे दोन, क्वचित तीन डोलकाठ्यांचे रुंद बुडाचे जहाज उथळ पाण्यात चालणारे असे, आणि त्याची नाळ, म्हणजे पुढचे टोक, लांब व निमुळती होत गेलेली असे. या नाळेच्या मागे, मुख्य तक्तपोशीवर, नऊ ते बारा पौंडी गोळा टाकणाऱ्या दोन तोफा सरळ पुढे तोंड करून बसवलेल्या असत व त्या नाळेवरून मारा करत. गुराबाच्या दोन्ही बगलांना याहून हलक्या तोफा असत. गलबत हे त्याहून लहान व हलके असून त्याला चाळीस-पन्नास वल्ही असत. वारा पडला की गलबते गुराबांना दोर लावून ओढत शत्रूच्या जहाजाच्या पिछाडीला नेत, आणि तिथून नाळेवरच्या तोफांनी त्याच्या डोलकाठ्या व शिडांच्या दोरखंडांवर मारा सुरू होई. ते जहाज लुळे पडले की मगच गलबते त्याला भिडत आणि माणसे वर चढत.

हे वर्णन नुसते वाचून सोडून देण्यासारखे नाही, कारण त्यातली प्रत्येक गोष्ट नेमाच्या अडचणीवर काढलेला उपाय आहे. वारा पडलेली वेळ निवडली की समुद्र सपाट असतो आणि जहाजाचे डोलणे कमीत कमी होते, म्हणजे वर सांगितलेली दोन अंशांची चूक मुळातच घटते. वल्ह्यांच्या बळावर हालचाल करता येत असल्यामुळे अंतर किती ठेवायचे हे हल्लेखोराच्या हाती राहते, आणि शंभर मीटरवर एका अंशाची चूक पावणेदोन मीटरांहून अधिक होत नाही. वाऱ्याविना जागीच खिळलेल्या मोठ्या जहाजाला आपली बगल, जिच्यावर त्याच्या बहुतेक तोफा असत, शत्रूकडे वळवता येत नाही आणि पिछाडीच्या एकदोन तोफांवरच त्याला भिस्त ठेवावी लागते. शिवाय पिछाडीकडून पाहिले असता शत्रूच्या डोलकाठ्या एकामागे एक रांगेत येतात, त्यामुळे थोडा उंच गेलेला गोळाही पहिली चुकवून दुसरीला लागण्याचा संभव असतो, आणि बगलेवरून मारा करताना वाया जाणारी उंचीची चूक इथे कामी येते. निमुळत्या नाळेचे गुराब समोरच्या लाटांवर फार वरखाली होते, हा त्याचा दोष होता. पण सपाट पाण्याची वेळ निवडल्याने तोही झाकला जाई. ज्या लोकांनी इतका विचार करून वेळ, अंतर आणि जागा यांची सांगड घातली, त्यांना तोफेचे गणित कळत नव्हते असे म्हणणे धाडसाचे आहे. हातघाई ही या पद्धतीची अखेर होती, आणि तोफेने आपले काम केल्यावरच ती शक्य होई. हातघाईने जिंकले म्हणून तोफा निकामी होत्या, हा निष्कर्ष म्हणजे मशागत विसरून पिकाचे श्रेय विळ्याला देणे होय.

प्रत्यक्ष घटनांनी हेच सिद्ध होते. डिसेंबर १७३५ मध्ये संभाजी आंग्र्यांच्या ताफ्याने इंग्लंडहून मुंबईला येणारे कंपनीचे 'डर्बी' हे मोठे व्यापारी जहाज याच रीतीने पिछाडीकडून गाठले, त्याच्या डोलकाठ्या निकामी केल्या आणि मुंबईसाठी आणलेल्या जहाजी सामानासकट ते सुवर्णदुर्गाला नेले. १७५४ मध्ये तुळाजींनी पन्नास, छत्तीस व अठरा तोफांच्या तीन डच जहाजांशी सामना केला, त्यांतली दोन जाळली व तिसरे पकडले. पन्नास तोफांचे जहाज हे त्या काळच्या युरोपीय मापानेही किरकोळ नव्हते, आणि अशा जहाजावर बिनधोक चढता येत नाही. आधी त्याच्या तोफांचा मारा सहन करत त्याचे चालणे-वळणे बंद पाडावे लागते. नुसत्या संख्येने हे काम होत असते तर मुंबईकर इंग्रजांनी आपल्या मालवाहू जहाजांसोबत लढाऊ जहाजांचा पहारा देण्याचा खर्च वर्षानुवर्षे सोसला नसता.

दुसरा आधार याहून हलका आहे. आंग्र्यांच्या चाकरीत युरोपीय गोलंदाज होते, यात शंका नाही. मादागास्करचा चाचा जेम्स प्लँटेन शेवटी कान्होजी आंग्र्यांच्या आश्रयाला आला, असे इंग्रज लेखकच सांगतात. पण पोटासाठी ध्वज बदलणारे खलाशी त्या काळी हिंदी महासागरात सर्वच आरमारांत होते, आणि मुंबईकर कंपनीच्या जहाजांवरही याच किनाऱ्यावरचे लष्कर, म्हणजे हिंदी खलाशी, काम करत असत. इंग्रज जहाजावर कोकणी माणूस असला की ते इंग्रजी आरमार, आणि मराठी जहाजावर एखादा डच असला की त्याचे सारे कसब डचाचे, हा न्याय एका डोळ्याचा आहे. शिवाय तोफ एकटा माणूस चालवत नाही. एक जण नळी ओल्या कुंच्याने पुसून आतली ठिणगी विझवतो, दुसरा दारूची थैली व गोळा सारतो, तिसरा गजाने ठासतो, चौथा कान भरून बत्ती देतो, इतर मंडळी धक्क्याने मागे आलेला गाडा दोरांनी ओढून पुन्हा जागेवर आणतात, आणि ही सारी क्रमवारी धुरात, आरडाओरड्यात, शेजारचा माणूस पडलेला असताना न चुकता पार पाडावी लागते. नेम धरणारा कोणत्याही देशाचा असो, त्याच्या हाताखालचे कोळी, भंडारी, गाबीत, खारवी व दालदी या सरावाविना निरुपयोगी ठरले असते, आणि तसे ते ठरले नाहीत हे 'डर्बी'च्या व डच जहाजांच्या गतीवरून दिसते.

सराव म्हणजे काय आणि तो कशावर टिकतो, हा या वादाचा गाभा आहे. १ जून १८१३ रोजी अमेरिकेच्या किनाऱ्याजवळ 'शॅनन' या इंग्रज युद्धनौकेने 'चेसापीक' या जवळजवळ तुल्यबळ अमेरिकी नौकेला पाव तासात नमवले. 'शॅनन'चा कप्तान फिलिप ब्रोक १८०६ पासून त्याच जहाजावर होता, आपल्या तोफांवर त्याने नेम धरण्याची साधने बसवली होती आणि वर्षानुवर्षे तीच माणसे त्याच तोफांवर घासून तयार केली होती. उलट 'चेसापीक'चा कप्तान नवा होता आणि त्याच्या माणसांना एकत्र मुरायला वेळ मिळाला नव्हता. शौर्य दोन्हीकडे होते, तोफा सारख्या होत्या, फरक पडला तो टिकून राहिलेल्या तुकडीने. नाशिक जिल्ह्यातल्या देवळालीच्या तोफखाना विद्यालयात जमिनीवरच्या तोफांसाठी आणि कोचीच्या 'द्रोणाचार्य' या नौदल केंद्रात जहाजी तोफांसाठी आजही जे शिक्षण दिले जाते, त्याच्या मुळाशी हेच तत्त्व आहे: निरीक्षण करणारा, हिशेब करणारा आणि तोफ भरणारे यांचे एक शरीर झाले पाहिजे, आणि त्यासाठी दारूगोळा खर्चण्याची व माणसे टिकवण्याची तयारी राज्याने दाखवली पाहिजे.

मराठी राज्याला ही गोष्ट ठाऊक नव्हती, असेही म्हणता येत नाही. रामचंद्रपंत अमात्यांच्या नावाशी निगडित असलेल्या, १७१५-१६ च्या सुमाराच्या आज्ञापत्रात आरमारासाठी स्वतंत्र प्रकरण आहे. आरमाराच्या खर्चाची तरतूद बंदरांच्या चढउतार होणाऱ्या उत्पन्नावर न सोडता नेमून दिलेल्या मुलुखाच्या वसुलातून करावी, म्हणजे खलाशांचे वेतन थकणार नाही आणि व्यापाऱ्यांचीही नाडवणूक होणार नाही, असे त्यात स्पष्टपणे सांगितले आहे. शरण येणाऱ्या शत्रूच्या जहाजाला एकदम जाऊन भिडू नये, त्याच्या नाखव्याला आधी आपल्याकडे बोलवावे आणि दगा दिसला तर दुरूनच तोफांनी त्याचा समाचार घ्यावा, अशी त्याची शिकवण आहे. दारूविषयी तर त्याचा कटाक्ष फारच कडक आहे: दारूखाना घरांच्या जवळ नसावा, आणि दारू व बाण ठरावीक दिवसांनी बाहेर काढून, ऊन देऊन, पुन्हा मोहोर लावून बंद करावेत. कोकणच्या दमट हवेत दारूला ओल धरली तर तिचा जोर कमी होतो आणि त्याच कोनातून सुटलेला गोळा कालच्यापेक्षा आज अलीकडे पडतो, म्हणून सरावलेल्या हाताचा नेमही ओल्या दारूने व्यर्थ ठरतो. हे नियम लिहिणाऱ्याला तोफेचा अचूकपणा कोठारापासून सुरू होतो, हे नेमके उमगले होते. १७५५ मध्ये जे बिघडले त्याचा शोध याच नियमांच्या उजेडात घेतला पाहिजे.

मार्च १७५५ च्या अखेरीस कमोडोर विल्यम जेम्स चव्वेचाळीस तोफांचे 'प्रोटेक्टर' व काही लहान जहाजे घेऊन मुंबईहून निघाला, तेव्हा वाटेत आंग्र्यांचा ताफा त्याच्या दृष्टीस पडला आणि पाठलाग झाला. आंग्र्यांच्या खलाशांनी जहाजावरचे जड सामान समुद्रात फेकले, मिळेल ते कापड शिडाला जोडले आणि जेम्सला मागे टाकून निघून गेले. वारा वाहत असताना, मोकळ्या समुद्रात, मोठ्या जहाजाच्या बगलेखाली जाण्याचे नाकारणे ही त्यांच्या पद्धतीची मागणीच होती, आणि तिला भ्याडपणा म्हणणाऱ्याने त्यांची पद्धत समजूनच घेतलेली नाही. यानंतर २ एप्रिलला सुवर्णदुर्गावर मारा सुरू झाला. 'प्रोटेक्टर'ने पहिल्या दिवशी सुमारे ८०० गोळे टाकूनही पश्चिमेकडच्या तटाने दाद दिली नाही, तेव्हा जेम्सने जागा बदलली आणि दुसऱ्या बाजूने तटाच्या अगदी जवळ जहाज उभे केले. किल्ला पडला तो तट फुटून नव्हे. एका कुलपी गोळ्याने, म्हणजे पोटात दारू भरलेल्या फुटत्या गोळ्याने, आतल्या गवती छपराच्या कोठाराला आग लागली, ती विझवली गेली नाही, पसरत गेली आणि दारूखान्याचा स्फोट झाला. दारूखान्यालगत पेट घेणारे बांधकाम असणे हा त्या पराभवाचा उगम होता, आणि चाळीस वर्षांपूर्वीच्या आज्ञापत्राने नेमक्या याच गोष्टीविरुद्ध बजावले होते. ८०० गोळे टाकून तट न फुटल्याबद्दल इंग्रजांच्या नेमाला कोणी नावे ठेवत नाही. मग कोठार जळाल्याचा दोष मराठी गोलंदाजाच्या नेमाला देण्याचे कारण काय?

विजयदुर्गाची हकीकत याहून बोलकी आहे. १७५५ च्या अखेरीस जेम्सने खाडीच्या तोंडाशी जाऊन पाण्याची खोली मोजली आणि मोठी जहाजे तटाच्या जवळपर्यंत नेता येतील, हे पाहून ठेवले. फेब्रुवारी १७५६ मध्ये ॲडमिरल चार्ल्स वॉटसन आणि रॉबर्ट क्लाईव्ह हे इंग्लंडच्या राजाची मोठी युद्धजहाजे, कंपनीचे आरमार आणि फौज घेऊन आले. तुळाजी त्या वेळी किल्ल्यात नव्हते. तडजोडीच्या आशेने ते पेशव्यांच्या छावणीत गेले होते. आणि ज्या आरमाराच्या गोलंदाजीचा निवाडा या लढाईवरून केला जातो, ते आरमार या लढाईत समुद्रावर उतरलेच नाही. जहाजे किल्ल्याच्या आश्रयाला एकमेकांना खेटून बांधून ठेवली होती. १२ फेब्रुवारीच्या दुपारी एक कुलपी गोळा पूर्वी कंपनीकडूनच पकडलेल्या 'रेस्टोरेशन' या जहाजावर पडून पेटला आणि आग एकीकडून दुसरीकडे जात सारा ताफा भस्मसात झाला. दुसऱ्या दिवशी किल्ला पडला. ज्या गुराबांनी एकही गोळा आपल्या रीतीने डागला नाही, ज्यांना पिछाडी गाठायला समुद्र मिळाला नाही आणि दोर सोडायचा हुकूम मिळाला नाही, त्यांच्या नेमाविषयी या लढाईतून काय सिद्ध होणार?

किल्ल्यावरच्या २५० तोफांचे काय, हा प्रश्न मात्र उरतो, आणि त्याला टाळाटाळीचे उत्तर देणे योग्य नाही. त्या दिवशी किल्ल्यावरून झालेली गोलंदाजी खरोखरच निष्प्रभ होती. पण त्याची कारणे हाताच्या कसबाबाहेरची आहेत. आंग्र्यांची कसलेली तोफकरी माणसे जहाजांवरची होती आणि त्यांचे ज्ञान नाळेवरच्या तोफेचे व जवळच्या अंतराचे होते. तटावरून खाली, जवळ येऊन उभ्या राहिलेल्या उंच जहाजांच्या बगलांवर मारा करणे हे वेगळे काम होते. सरदार छावणीत बसलेला, आपले आरमार डोळ्यांदेखत जळते आहे आणि पेशव्यांच्या फौजेने जमिनीची वाट रोखली आहे, अशा स्थितीत २५० तोफा म्हणजे २५० तुकड्या नव्हेत. तोफांची संख्या मोजून तुकड्यांची संख्या गृहीत धरणे, ही प्रतिपक्षाची मूळ चूक आहे. याच किल्ल्यावर १७२० मध्ये इंग्रजांनी खास बांधलेली 'फ्राम' ही तरंगती तोफशाळा आणली होती, आणि तिच्या तोफांची तोंडे पुरेशी वर उचलता येत नाहीत, हे ऐन हल्ल्याच्या वेळी त्यांच्या ध्यानात आले. पुढच्याच वर्षी कुलाब्यावर इंग्रज व पोर्तुगीज यांच्या संयुक्त स्वारीचा बोजवारा उडाला. त्या अपयशांवरून इंग्रज माणसाला तोफ कळत नव्हती, असा निष्कर्ष कोणी काढला नाही, आणि तो न काढणेच शहाणपणाचे होते. कान्होजींच्या काळी त्याच तटांनी त्याच शत्रूला परतवले, कारण तेव्हा तटामागे एकजुटीचे राज्य होते.

इथे दुसऱ्या टोकाच्या मतालाही उत्तर देणे भाग आहे. गोलंदाजांना निर्दोष ठरवून सारा दोष एकट्या नानासाहेबांच्या द्वेषबुद्धीवर टाकण्याची प्रथाही मराठीत बरीच रूढ आहे, आणि तीही अपुरी आहे. तुळाजींनी पेशव्यांची सत्ता मानण्याचे नाकारले, सावंत व प्रतिनिधी अशा शेजाऱ्यांशी वैर वाढवले, घरातल्या मानाजी आंग्र्यांशी भाऊबंदकी जोपासली आणि तोफांसाठी परकीयांवर अवलंबून राहण्याची जुनी उणीव दूर केली नाही. त्यांच्या पद्धतीलाही मर्यादा होत्या. किनाऱ्याजवळच्या शांत पाण्यात ती अजोड होती, पण उघड्या समुद्रात, वाऱ्याच्या जोरात, रांगेने लढणाऱ्या मोठ्या युद्धजहाजांपुढे ती लंगडी पडे, आणि ही उणीव भरून काढण्याइतकी मोठी जहाजे बांधून त्यांवर तुकड्या तयार करायला ज्या राज्याचा आधार हवा होता, ते राज्यच त्यांच्यावर उलटले होते. तरीही निर्णयाचे उत्तरदायित्व ज्याच्या हाती निर्णय होता त्याच्याकडेच जाते. बंडखोर सरदाराला वठणीवर आणणे हा राज्याचा अधिकार होता, पण त्यासाठी परक्या आरमाराला आपल्या किनाऱ्यावर सर्वाधिकार देणे, आणि त्याच्या मोबदल्यात बाणकोट देऊन मोकळे होणे, हा हिशेब चुकीचा होता. विजयदुर्ग ताब्यात घेण्यासाठीसुद्धा पेशव्यांना ऑक्टोबर १७५६ च्या तहापर्यंत वाट पाहावी लागली. जळाली ती केवळ लाकडे असती तर सागवान पुन्हा मिळाले असते. गेली ती एकत्र मुरलेली माणसे, आणि ती विकत मिळत नाहीत.

हे कसब वंशात किंवा रक्तात नव्हते, ते पगारपत्रकात आणि सातत्यात होते, याचा निर्णायक पुरावा पुढच्या पिढीने दिला. पेशव्यांनी विजयदुर्गाला स्वतःचे आरमार उभे केले, त्याचा कारभार धुळपांकडे आला, आणि एप्रिल १७८३ मध्ये आनंदराव धुळपांच्या ताफ्याने मुंबईहून दक्षिणेच्या फौजेकडे अधिकारी घेऊन जाणारे 'रेंजर' हे बारा तोफांचे इंग्रज लढाऊ जहाज कित्येक तासांच्या झुंजीनंतर पकडले. त्यावरचा मेजर शॉ ठार झाला, कर्नल हंबरस्टन जखमांनी मेला आणि कर्नल मॅक्लाउड जखमी झाला. इंग्रजांशी साल्बाईचा तह आधीच झालेला असल्याने ही लढाई राजकारणाच्या दृष्टीने अवेळी ठरली, धुळपांच्या बाजूलाही हानी सोसावी लागली आणि जहाज पुढे सोडून द्यावे लागले. पण गोलंदाजीच्या दृष्टीने तिचे महत्त्व कमी होत नाही. विजयदुर्ग पडून सत्तावीस वर्षे झाली होती, कोळी, भंडारी व गाबीत तेच होते, खाडी तीच होती, आणि पुन्हा नियमित वेतन व नेमका अधिकारी मिळताच जुनी रीत परत उभी राहिली. हे घडले तेव्हा त्र्यंबकेश्वराचे मंदिरही अजून पुरे व्हायचे होते. नानासाहेबांनी सुरू केलेले ते काम माधवराव व नारायणराव यांच्या कारकिर्दी ओलांडून सवाई माधवरावांच्या काळात १७८६ मध्ये संपले. तीस वर्षे पाथरवटांच्या हाताला काम व दाम देत राहून एक कसब टिकवणे पेशवाईला जमत होते, याची साक्ष ते मंदिरच देते. आरमाराच्या बाबतीत तीच चिकाटी दाखवली गेली नाही, आणि ती न दाखवण्याचा निर्णय पुण्यात झाला, गलबतावर नव्हे.

मराठी इतिहासलेखनाने या निष्कर्षाची दखल घेणे अगत्याचे आहे, कारण प्रश्न केवळ अठराव्या शतकातल्या गोलंदाजांच्या अब्रूचा नाही. शूर पण अडाणी, अशी आपल्याच पूर्वजांची प्रतिमा एकदा मनात ठसली की पराभवाचे कारण नेहमी खालच्या माणसाच्या हातात शोधण्याची सवय लागते आणि वरच्या माणसाचा निर्णय चौकशीतून सुटतो. यापुढे विजयदुर्गाच्या पाडावावर लिहिणाऱ्याने आधी हे विचारावे की जहाजे एकमेकांना बांधून का ठेवली होती, त्याआधी सुवर्णदुर्गात दारूखाना छपरांलगत का होता, सरदार किल्ल्याबाहेर का होता आणि जमिनीची वाट कोणी अडवली होती. या प्रश्नांची उत्तरे दिल्यावर जर काही पराभव शिल्लक राहिला, तरच तो नाळेवरच्या तोफेमागे उभ्या असलेल्या माणसाच्या नावावर मांडावा. उपलब्ध पुराव्यात असे काहीही शिल्लक राहत नाही.